नजरेतले प्रश्न : मोतीबिंदूचे थेंब, लोखंडाचा कण आणि बाटलीतल्या कॅप्सूल

गेल्या अंकात मोतीबिंदूची कारणं सांगताना ‘फ्री रॅडिकल्समुळे भिंगातली प्रथिनं खराब होतात’ एवढं एकच वाक्य लिहून मी पुढे गेले होते. त्या वाक्यानं वाचकांचं समाधान काही झालं नाही. संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला आणि वर चिठ्ठी : ‘आता तुम्हीच निस्तरा.’ तर निस्तरते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा बराच पिकलाय असं डॉक्टर म्हणतात. त्या ऑपरेशनला घाबरतात. पुतण्यानं ऑनलाइन थेंबांची बाटली मागवून दिली आहे. तिच्यावर ‘अँटिऑक्सिडंट, मोतीबिंदू विरघळवणारे’ असं लिहिलं आहे. तीन-चार महिने घालून बघायला हरकत आहे का?
— सौ. स. पा., तासगाव

उत्तर : हरकत आहे. बाटली ठेवून द्या आणि सासूबाईंना तारीख घ्यायला लावा. कारण सांगते, म्हणजे त्यांनाही पटवता येईल.

आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग म्हणजे साधारण दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिनं. शरीरात दुसरीकडे कुठे इतकी दाट प्रथिनं सहसा सापडत नाहीत. ही प्रथिनं, त्यांना क्रिस्टॅलिन म्हणतात, इतकी शिस्तीत बसलेली असतात की प्रकाश त्यांच्यातून सरळ आरपार जातो. प्रकाशाला अडथळा नको म्हणून भिंगातल्या आतल्या पेशी आपलं केंद्रक आणि बाकीचे सगळे अवयव टाकून देतात. पण त्याबरोबर नवीन प्रथिन बनवायची सोयही जाते. कातडी झडते, नवी येते. रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिन्यांत बदलतात. भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन मात्र जन्माच्या सुमाराला बनलं तेच शेवटपर्यंत राहतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ साली याचा भारी उपयोग केला. अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण १९५०-६० च्या दशकांत वाढलं आणि नंतर उतरत गेलं. भिंगातल्या प्रथिनात तो कार्बन मोजला की माणूस कुठल्या साली जन्मला ते काढता येतं. ग्रीनलंड शार्क नावाचा मासा शेकडो वर्षं जगतो, हेही २०१६ साली त्याच्या भिंगाच्या गाभ्यावरूनच ठरलं.

म्हणजे सासूबाईंच्या भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन ७४ वर्षांचं आहे, आणि तेवढी वर्षं त्यानं ऊन, धूर, साखर सगळं सोसलंय. फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय उरलाय असा रेणू. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. प्रथिनात सिस्टीन आणि मिथिओनिन ही गंधक असलेली दोन अमिनो आम्लं असतात, त्यांच्यावर पहिला घाला पडतो. सिस्टीनच्या दोन गंधकांची एकमेकांशी गाठ बसते, प्रथिनाची घडी विस्कटते, विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. गठळ्या मोठ्या झाल्या की प्रकाश सरळ न जाता विखुरतो. दूध नासतं तेव्हा जे होतं तेच. आणि नासलेलं दूध पुन्हा दूध करायचं औषध अजून कुणी बाजारात आणलेलं नाही.

भिंग हे मुकाट्यानं सोसत नाही. त्याच्यातलं अल्फा-क्रिस्टॅलिन विस्कटायला लागलेल्या प्रथिनांना पकडून धरतं, चिकटू देत नाही. हे जोसेफ हॉरविट्झ या संशोधकानं १९९२ साली दाखवलं. पण तो साठाही जन्माचाच. चाळिशी-पन्नाशीपर्यंत गाभ्यातला बराचसा खर्ची पडलेला असतो. दुसरा बचाव ग्लुटाथायोनचा. त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर. इथे एवढंच की ते भिंगाच्या बाहेरच्या थरात बनतं आणि आत झिरपत जातं. वयाच्या मध्यावर हे झिरपणं मंदावतं. बाहेरचा थर सुरक्षित, गाभा उघडा. म्हणून वयाचा मोतीबिंदू बहुतेक वेळा गाभ्यात धरतो.

आता तुमची बाटली. अशा बऱ्याच बाटल्यांत एन-अ‍ॅसिटिलकार्नोसिन असतं. त्यानं मोतीबिंदू मागे हटतो किंवा थांबतो याला विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात (यात आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासतात) निघाला. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या रेणूची मोठी बातमी झाली होती, कुत्र्यांचं भिंग निवळलं म्हणून. मग आपल्याकडच्याच डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेले माणसांचे मोतीबिंदू त्यात बुडवून ठेवून पाहिले. काही फरक पडला नाही. अँटिऑक्सिडंट फार तर पुढची गाठ टाळेल, पडून गेलेल्या हजारो गाठी उलगडणार नाही.

थेंबांत पैसे जातील ते जाऊ द्या, महिने गेले तर त्रास आहे. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा होता. आज उलटं आहे. गाभा जितका कडक आणि तपकिरी, तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते आणि बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेच्या (कॉर्निया), आतल्या पेशींना इजा जास्त. त्या पेशी गेल्या की पुन्हा येत नाहीत. फारच पिकवला तर भिंगातलं प्रथिन बाहेर झिरपून डोळ्याचा दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो, आणि मग रात्री-अपरात्री धावपळ.

मी मिरजेकडे काम करत होते तेव्हा असे कडक झालेले गाभे खूप पाहिले. गडद तपकिरी, काही तर काळपट. तो रंगही याच भानगडीतून येतो. भिंगात अतिनील किरण गाळणारे छोटे रेणू असतात. ग्लुटाथायोन कमी पडलं की तेच प्रथिनांना चिकटून बसतात आणि भिंग पिवळं होत जातं. एका आजीबाईंची पट्टी सोडली तेव्हा त्यांनी आधी स्वतःचं लुगडं बघितलं आणि सुनेला विचारलं, “हे निळं कधी आणलंस?” लुगडं जुनंच होतं, त्यांना ते इतकी वर्षं हिरवं दिसत होतं. सासूबाईंना हे सांगून बघा. भीतीपेक्षा कुतूहल कधीकधी लवकर कामाला येतं.

आणि एक. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर धूर बाहेर जायची सोय करा. लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा आणि बायकांमधल्या मोतीबिंदूचा संबंध आपल्याच देशातल्या पाहण्यांत दिसला आहे. सासूबाईंना आता उपयोग नाही, तुम्हाला आहे.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. तुमच्या लेखावर आमच्या सरांनी सांगितलं की डोळ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते तर जखम धुवायला वापरतात ना? आणि शरीरात त्यावर एन्झाइम आहेत तर मग मोतीबिंदू होतोच कसा?
— कु. अ. ज., बार्शी

उत्तर : सर बरोबर सांगतात. तुझा दुसरा प्रश्न तर फारच चांगला आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा थोडा ऑक्सिजन अर्धवट वापरला जातो, एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन सुटतो. तो सुपरऑक्साइड. उन्हातले अतिनील किरण भिंगातल्या काही रेणूंवर पडले तरी असंच होतं. १९६९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम ओळखलं. तोपर्यंत, शरीरात फ्री रॅडिकल इतक्या नियमानं बनत असेल की त्यासाठी खास एन्झाइम लागावं, ही कल्पनाच अनेकांना पटत नव्हती. हे एन्झाइम दोन सुपरऑक्साइड घेतं आणि एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. पेशीच्या द्रवात तांबं-जस्तवालं असतं, मायटोकॉन्ड्रियात मँगनीजवालं.

पण बघ, हे काम अर्धंच झालं. पेरॉक्साइड स्वतः फ्री रॅडिकल नाही, पण निरुपद्रवीही नाही. त्याच्यासाठी दोन एन्झाइम. एक कॅटॅलेज. याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड फोडतो. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो तो याचाच. दुसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, त्याला सेलेनियम लागतं. कॅटॅलेज वेगवान खरं, पण पेरॉक्साइड भरपूर असलं तरच त्याला जोर येतो. रोजच्या किरकोळ प्रमाणात दुसरंच जास्त उपयोगी पडतं, आणि ते ग्लुटाथायोन खर्चून चालतं.

ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू आहे : ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसिन. फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी तो १९२१ साली वेगळा काढला. डोळ्याच्या भिंगात तो इतका साठवलेला असतो की शरीरातल्या फार थोड्या जागा त्याच्या बरोबरीला येतात. त्यातल्या सिस्टीनचं गंधक पुढे होऊन मार खातं, म्हणजे क्रिस्टॅलिनचं गंधक वाचतं. मार खाल्लेले दोन ग्लुटाथायोन एकमेकांना जोडले जातात. त्यांना सोडवून पुन्हा कामाला लावणारं एन्झाइम म्हणजे ग्लुटाथायोन रिडक्टेज. त्याला हाताशी रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वापासून बनलेला एक सहकारी लागतो, आणि लागणारे इलेक्ट्रॉन येतात एनएडीपीएचकडून. एनएडीपीएच कुठून येतं? ग्लुकोजपासून, पेंटोज फॉस्फेट मार्गानं. तुझ्या पुस्तकात श्वसनाच्या प्रकरणात ग्लायकोलिसिसनं सगळी जागा खाल्लेली असते आणि हा मार्ग दिसलाच तर एका ओळीत उरकलेला असतो. डोळ्याच्या डॉक्टरला विचारशील तर तीच ओळ मोठी.

आता तुझा दुसरा प्रश्न. एन्झाइम आहेत तर मोतीबिंदू का? कारण एन्झाइमही प्रथिनंच आहेत, आणि भिंगाच्या आतल्या पेशींना नवी बनवता येत नाहीत. समोरच्या बाजूला पेशींचा एकच जिवंत थर असतो, त्याच्या खालोखालच्या कोवळ्या पेशींत थोडी धुगधुगी असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनलेल्या गाभ्यात एन्झाइम सापडतात, पण बरीचशी निकामी झालेली. रक्तवाहिनी तर भिंगात एकही नाही. जे मिळायचं ते पुढच्या पाण्यातून. त्या पाण्यात मात्र शरीरानं क जीवनसत्त्व रक्तापेक्षा साधारण वीसपट साठवून ठेवलंय. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत हा साठा मोठा असतो, उंदरासारख्या रात्री फिरणाऱ्यांच्यात कमी. त्यावरून तो कशासाठी आहे याचा तूच तर्क कर.

मधुमेहाचं सांगायचं राहिलं. रक्तात साखर फार झाली की अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम ती साखर सॉर्बिटॉलमध्ये बदलायला लागतं, आणि त्यासाठी वापरतं तेच एनएडीपीएच, जे ग्लुटाथायोन दुरुस्त करायला हवं होतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे त्यांनाही वाचून दाखव.

ता. क. : कॉन्टॅक्ट लेन्स निर्जंतुक करायच्या काही द्रावणांतही तीन टक्के पेरॉक्साइडच असतं. ते प्लॅटिनमच्या चकतीनं किंवा कॅटॅलेजच्या गोळीनं पूर्ण फोडल्याशिवाय लेन्स डोळ्यात घातली तर काय होतं, ते हॉस्टेलमधल्या एखाद्या मैत्रिणीला विचार.

प्रश्न : मी वर्कशॉपमध्ये फिटर आहे. महिन्यापूर्वी छिन्नीवर हातोडा मारताना डाव्या डोळ्यात काहीतरी उडालं. दोन दिवस चुरचुरलं, मग थांबलं. तपासणीत डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत लोखंडाचा बारीक कण आहे, काढावा लागेल. मला दिसतंय चांगलं. दुखत नसताना ऑपरेशन कशाला?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : दादा, हे पत्र छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून तुम्हाला संपादकांकरवी निरोप पाठवला आहे. इथे लिहिते ते बाकीच्या कारागिरांसाठी.

कण काढा. या आठवड्यात काढा.

वरच्या उत्तरात पेरॉक्साइडचं वाचलंत ना, ते डोळ्यात सतत थोडं थोडं बनत असतं. एन्झाइम त्याला पाणी करून टाकतात. पण तिथे सुटं लोखंड असलं की एन्झाइम पोचायच्या आत लोखंड त्याला फोडतं, आणि फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं. हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं ही क्रिया १८९४ साली नोंदवली. हायड्रॉक्सिलसाठी शरीराकडे एकही एन्झाइम नाही. ते जिथे जन्मतं तिथेच, शेजारी जे असेल त्याला जाळतं. चरबी, प्रथिन, डीएनए, काहीही. शरीर एरवी लोखंड फेरिटिनसारख्या प्रथिनांत कोंडून ठेवतं ते याचसाठी.

तुमच्या डोळ्यातला कण हळूहळू गंजतोय. तो गंज आधी भिंगाच्या पुढच्या आवरणाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रूपात दिसतो, बाहुली मोठी राहते, मग पडद्याच्या पेशी मरायला लागतात आणि अंधारात दिसणं कमी होतं. याला सिडेरोसिस म्हणतात. काहींना काही आठवड्यांत, काहींना वर्षांनी. गोऱ्या लोकांच्या निळ्या डोळ्यांचा रंग बदलतो म्हणून लवकर लक्षात येतं. आपले काळे-तपकिरी डोळे ते लपवतात. पडदा एकदा गेला की परत मिळत नाही, आणि तोवर दुखतही नाही.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. कुठल्याही कारणानं कुणी एमआरआय सांगितला तर ‘डोळ्यात लोखंड आहे’ हे आधी सांगा. त्या चुंबकानं कण सरकून डोळा फाटू शकतो. कण शोधायला सीटी स्कॅन करतात. आणि छिन्नीचं डोकं हातोडा खाऊन फुलासारखं पसरलं असेल तर ती ग्राइंडरवर घासून घ्या, कारण कण बहुतेक वेळा तिथूनच उडतात. घासतानाही चष्मा घाला.

प्रश्न : माझं वय ५९. गेल्या वर्षी पडद्याला भोक पडलं म्हणून विट्रेक्टॉमी (डोळ्यातली जेली काढायचं ऑपरेशन) केली. पडदा बरा झाला. पण आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू आलाय, दुसरा डोळा स्वच्छ आहे. ऑपरेशन करताना भिंगाला धक्का लागला असेल का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.
— श्री. र. दे., कोल्हापूर

उत्तर : संकोच कसला, जरूर विचारा. पण धक्का लागला असता तर मोतीबिंदू काही दिवसांत दिसला असता. तुमचं जे झालंय ते अपेक्षित होतं. पन्नाशीपुढे विट्रेक्टॉमी केलेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत गाभ्याचा मोतीबिंदू येतो. हे ऑपरेशनआधी तुमच्याशी नीट बोललं गेलं नाही असं दिसतं, आणि तेवढी तक्रार रास्त आहे.

गंमत बघा. भिंगाला ऑक्सिजन नकोच असतो. त्याच्याभोवती तो अगदी कमी ठेवला जातो, आणि पडद्याकडून येणारा ऑक्सिजन अडवण्याचं काम करते ती मधली जेली. त्या जेलीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, ते ऑक्सिजनशी प्रक्रिया करून त्याला वाटेतच संपवतं. विट्रेक्टॉमीत ती जेली काढून टाकतात. मग तिथे साधं पाणी, पाणी खेळतं राहतं, आणि पडद्याजवळचा ऑक्सिजन थेट भिंगाच्या पाठीला येऊन भिडतो. ग्लुटाथायोन आधीच कमी झालेल्या पन्नाशीच्या गाभ्याला तो झेपत नाही. तरुणांना हा त्रास फारसा होत नाही तो यामुळेच.

याला उलटा पुरावाही आहे. मधुमेहानं ज्यांच्या पडद्याचा रक्तपुरवठा आटलाय, म्हणजे मुळात ऑक्सिजनच कमी, त्यांना विट्रेक्टॉमीनंतर असा मोतीबिंदू कमी होतो. आणि १९८४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं की दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन दीर्घकाळ, अनेकदा घेतलेल्या रुग्णांतल्या काहींच्या स्वच्छ भिंगांच्या गाभ्यात मोतीबिंदू धरला. ‘ऑक्सिजन थेरपीनं तारुण्य’ अशा जाहिराती हल्ली शहरांत दिसतात. त्यात हे कुणी छापत नाही.

तुमचा मोतीबिंदू नेहमीसारखा काढता येईल. मागे जेलीचा आधार नसल्यानं सर्जन थोडा जपून करेल, इतकंच. त्यांना विट्रेक्टॉमीची फाइल दाखवा.

प्रश्न : वय ६८, निवृत्त. तीस वर्षं सिगारेट ओढत होतो, आता सोडली. पडद्याच्या मधल्या भागात ‘ड्रुसेन’ आहेत असं निदान झालं. मेडिकलवाल्यानं ‘डोळ्यांसाठी अँटिऑक्सिडंट’ म्हणून कॅप्सूल दिल्या. शेजारी त्याच घेतो, त्याला काहीच आजार नाही. दोघांनी घ्याव्यात का?
— श्री. मा. गो., नाशिक

उत्तर : शेजाऱ्याला गरज नाही. तुम्हाला कदाचित आहे, पण बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय नको.

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकाशी चकत्यांची चळत असते. त्यांच्या पापुद्र्यात डीएचए नावाचं स्निग्धाम्ल ठासून भरलेलं, २२ कार्बनचं आणि सहा दुहेरी बंधांचं. दुहेरी बंध जितके जास्त तितकं फ्री रॅडिकलला फावतं. शिवाय तिथे प्रकाश केंद्रित, ऑक्सिजनही भरपूर. एका रेणूला लागलेली आग शेजारच्याला लागत जाते. म्हणून शरीर रोज त्या चळतीचा सुमारे दहावा भाग मोडतं आणि मागच्या रंगीत थरातल्या पेशी तो गिळतात. आयुष्यभर गिळून गिळून न पचलेला गाळ त्यांच्यात साठतो. त्या थराखाली जमणारी ढेपं म्हणजे ड्रुसेन, वयानं पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजाराची खूण. सिगारेटचा धूर या प्रकाराला जबरदस्त हातभार लावतो. तुम्ही सोडलीत हे कॅप्सूलपेक्षा मोठं औषध झालं.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं मोठी चाचणी केली, २००१ साली निकाल आला. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, बीटा-कॅरोटिन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम, आणि जस्तामुळे तांब्याची उणीव होऊ नये म्हणून तांबं २ मिलिग्रॅम. मध्यम अवस्थेच्या रुग्णांत आजार पुढच्या पायरीला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता त्यांना फायदा दिसला नाही. मोतीबिंदूवर तर काहीच परिणाम नाही. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयातही सुमारे ८०० माणसांना पाच वर्षं अशी जीवनसत्त्वं देऊन पाहिली होती. २००६ च्या निकालात मोतीबिंदू जसा वाढायचा तसाच वाढला.

आता तुमच्या सिगारेटचं. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत, १९९४ साली, बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अपेक्षा नेमकी उलटी होती. म्हणून डोळ्यांच्या दुसऱ्या चाचणीत, २०१३ साली, बीटा-कॅरोटिनऐवजी ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घालून पाहिलं, आणि ते चांगलं ठरलं. त्या चाचणीतही बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला, आणि ज्यांना झाला ते बहुतेक सिगारेट सोडलेलेच होते. तेव्हा बाटलीवर बीटा-कॅरोटिन असेल तर परत करा. ‘नैसर्गिक गाजरापासून’ असं लिहिलेलं असलं तरी.

ड्रुसेन मध्यम आकाराचे की मोठे, एका डोळ्यात की दोन्ही, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा. आणि चौकटीच्या तक्त्यावर एकेक डोळा झाकून रोज बघा. रेघा वाकड्या दिसल्या तर कॅप्सूलची वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. त्या अवस्थेवर इंजेक्शनं आहेत आणि ती वेळेवर लागतात.

प्रश्न : मुलीला (वय १७) केरॅटोकोनस आहे, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे फुगतंय. बुबुळावर पिवळं औषध टाकून अतिनील प्रकाश देणार म्हणतात. तुम्ही तर लिहिता अतिनील किरणं वाईट!
— एक पालक, लातूर

उत्तर : वाईटच, पण इथे तीच वाईट गोष्ट मुद्दाम कामाला लावली आहे. पिवळं औषध म्हणजे रायबोफ्लेविन. त्यावर अतिनील-ए प्रकाश पडला की क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि बुबुळातल्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधतो. बुबुळ ताठ होतं, फुगणं थांबतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ साली ही पद्धत माणसांवर केल्याचं प्रसिद्ध केलं. मूळ पद्धतीत प्रकाश अर्धा तास देतात. बुबुळ किमान ४०० मायक्रॉन जाड असावं लागतं, म्हणजे आतल्या पेशींपर्यंत मारा पोचत नाही. मुलीच्या बुबुळाची जाडी किती आली ते विचारा. सतरा वर्षं म्हणजे आजार झपाट्यानं वाढण्याचं वय, उशीर करू नका. आणि तिला डोळे चोळू देऊ नका, त्यासाठी अ‍ॅलर्जीचं औषध लागलं तर तेही घ्या.

प्रश्न : ल्युटिनसाठी रोज पालकच खायचा का? घरात कुणाला आवडत नाही.
— सौ. नी. क., डोंबिवली

उत्तर : मुळीच नाही. मेथी, माठ, राजगिरा, चाकवत, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते. मका आणि अंड्याचा पिवळा बलक यांतही ल्युटिन-झियाझँथिन असतं. ही दोन्ही द्रव्यं शरीर बनवू शकत नाही, बाहेरूनच येतात, आणि पडद्याच्या मधोमध साठून निळा प्रकाश गाळतात. स्निग्धाबरोबर अंगी लागतात, तेव्हा लसणाची फोडणी देताना तेलाचा हात अगदीच आखडू नका. घरात कुणी हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेत असेल, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम, तर त्यांच्या ताटातली पालेभाजी एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. त्या भाज्यांतल्या के जीवनसत्त्वानं गोळीचं गणित बिघडतं. आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून डॉक्टरांना सांगा.